खांद्यावरचं नाव

आमचा राजा पळाला तेव्हा चांदीचे चमचे आठवणीने घेऊन गेला, पाळलेलं कुत्रं मात्र विसरला. असल्याच्या पणजोबाने स्वतःचं नाव देशाला दिलं होतं! देश म्हणजे जसा घरचा तांब्या, नाव घातलं की झाला आपला.

मग आले जनतेचे कैवारी. म्हणाले, राजाचं नाव पुसा, गुलामी संपली. पुसलं. आणि त्या जागी या महाशयांनी स्वतःचं नाव लावलं. उडदामाजी काळे-गोरे, दुसरं काय!

मी सरकारी वर्द्या शिवते. खांद्यावर देशाच्या नावाची पट्टी असते. नाव बदललं तेव्हा हुकूम आला, जुनी उसवून नवी लावा. पण उसवलं की कापडाला भोकं पडतात, आणि एवढी सवड आहे कुणाला? आम्ही बायकांनी नवी पट्टी सरळ जुनीवरच ठोकून दिली. साहेबांना वरवरचंच दिसतं.

घरात आमचे हे. राजवाड्यात चोपदार होते, म्हणजे राजा आला की ललकारी द्यायची, एवढंच काम. राजा गेला, यांचा ताठा जाईना.

लेक सीमेपलीकडे दिलेली. पहिलटकरीण, दिवस भरलेले, घरात सासू नाही. सीमा ओलांडायचा परवाना नवरा-बायकोला मिळून एकच, आणि तो घ्यायला कचेरीच्या खिडकीवर नवऱ्याने देशाचं नवं नाव घ्यायचं. हे दर वेळी जाऊन जुनंच ठणकावत, आणि कचेरीवाले आम्हाला हाकलून देत.

"अहो, पोरगी तिकडे एकटी आहे. त्या पळपुट्याचं नाव काय धरून बसलात?"

"मीठ खाल्लंय मी त्यांचं."

"वळून तरी बघितलं का त्याने जाताना तुमच्याकडे?"

यावर हे कूस वळवून झोपले. सकाळी पुन्हा कचेरीत गेलो तर खिडकीत कोण? राजाचे जोडे पुसणारा! आता साहेब झालेला.

"देशाचं नाव बोला," तो म्हणाला, जसं काही आम्हाला ओळखतच नाही.

यांनी छाती काढली आणि जुनंच सांगितलं.

"चला, व्हा बाजूला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खिडकीतून हात घातला आणि त्याच्या खांद्यावरचा धागा ओढला. टाका माझाच, कुठून सुटतो ते मला ठाऊक. पट्टी लोंबली, आणि खालून राजाचं जरीचं नाव चमकलं.

ते दिसताच हे ताडकन सरळ झाले आणि भिंती हादरतील अशी ललकारी दिली. अख्खी कचेरी उठून उभी राहिली! कारकून, शिपाई, रांगेतली माणसं, सगळ्यांच्या माना खाली. साहेब तर कमरेत वाकला.

भानावर आला तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. एका हाताने खांदा झाकत त्याने परवान्यावर शिक्का हाणला. "जा बाई, जा इथून!"

बाहेर आल्यावर हे मिशीत हसले. "बघितलंस? अजून मान आहे राजांना."

"मान कसला डोंबलाचा! वाकायची सवय आहे मेल्यांना," मी म्हणणार होते. पण जीभ रेटेना. ललकारी ऐकून माझीही मान खाली गेली होती. परवाना कमरेला खोचला, यांचा दंड धरला आणि लेकीकडची बस गाठली.