खंडेनवमीची दोन गाठोडी

गाठोडी माझ्या हातून बदलली ती चुकून, मुद्दाम नव्हे. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात कुणाचाच त्यावर विश्वास नाही. माझी मुलगी नित्या तर अजून म्हणते की अम्मा, तू दिसतेस तेवढी साधी नाहीस. म्हणू दे बापडी.

आमचे हे, म्हणजे वेंकटराव, तंजावुरात मोटारपंपांच्या एका एजन्सीत कामाला होते. यांच्या एकोणिसाव्या वर्षी माझे सासरे गेले. तेरावं होताच एजन्सीचे मालक गोपालकृष्ण स्वतः घरी आले आणि यांना सोबत घेऊन गेले. पंप उघडायला, जोडायला हे तिथंच शिकले. पुढं चौऱ्याऐंशी साली उजव्या हाताची दोन बोटं यंत्राच्या पट्ट्यात सापडून तुटली. दवाखान्याचं सगळं मुदलाळींनी पाहिलं. मालकाला आमच्याकडं मुदलाळीच म्हणतात. बरे होऊन आल्यावर त्यांनी यांना पंख्याखाली खुर्ची दिली, तक्रारींची वही दिली, पेन दिलं. आता त्या हाताला त्रास नको, म्हणाले.

इतका चांगला माणूस, आणि तिथंच तर सगळं घोडं अडलं. वाईट मालकाची नोकरी सोडायला काय लागतं? चप्पल पायात घालायची आणि चालू लागायचं.

नव्वद सालानंतर नव्या नव्या कंपन्यांचे पंप आले, रंगीत जाहिराती आल्या. कंपन्यांचं सांगणं एकच, दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका, नवा विका. तिरुवैयारुकडचे शेतकरी मोपेडच्या मागं मोटार बांधून यायचे. यांनी तक्रार वहीत लिहायची आणि सांगायचं की हा आता दुरुस्त होणार नाही, नवा घ्या. होण्यासारखा आहे हे यांना नुसत्या आवाजावरून कळत असायचं, तरी सांगायचं. अशा दिवशी घरी येऊन ताटावर बसले की सांबारभात नुसता कालवत राहायचे. माझ्या हातचा भात असा वाया गेलेला मला मुळीच खपत नाही.

घराच्या पुढच्या अंगणात पत्र्याची शेड घालायची, पंप दुरुस्त करायचे, एवढंच यांचं स्वप्न. नित्यानं टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये राजीनाम्याचं पत्र टाइप करून दिलं. ते पंच्याण्णवच्या जानेवारीपासून यांच्या खिशात होतं. पोंगल झाला की देतो, म्हणाले. पोंगल झाला. मग आडी महिन्यात, म्हणजे तमिळ आषाढात, नवं काही करू नये, म्हणाले. आडीही सरला. मग पुढं येणारी दिवाळी आडवी आली. आधी दिलं तर सणाच्या तोंडावर सोडून गेल्यासारखं, नंतर दिलं तर बोनस खाऊन पळाल्यासारखं. घामानं भिजून भिजून ते पत्र दोनदा नव्यानं टाइप करावं लागलं.

एक दिवस माझा तोल गेला. "तुम्हांस जायचं आहे की नाही, तेवढं सांगा मज."

"जायचं आहे की," हे म्हणाले. "पण त्या मनुष्यापुढं उभा कैसा राहूं? माझा हात वाचविला त्यानं."

मला राग यायचा, पण तो हात रोज माझ्यासमोरच तर जेवायचा.

आणि मग आली खंडेनवमी. आमच्यासारख्या तंजावरी मराठी घरांची त्या दिवशी दुहेरी धावपळ. घरी देवापुढं आजेसासऱ्यांची गंजकी कट्यार आणि तिच्याशेजारी यांची जुनी अवजारं ठेवायची, तर एजन्सीत आयुधपूजा. तिथं ज्यानं त्यानं आपापल्या कामाची वस्तू आणायची. हे दरवर्षी पेन आणि रबरी शिक्का न्यायचे. मी एकाच जुन्या साडीच्या दोन तुकड्यांत दोन गाठोडी बांधायची, एक घरचं, एक तिकडचं. त्या सकाळी चुलीवर नैवेद्याचं हरभऱ्याचं सुंडल, दारात फुलवाली, नित्याची वेणी घालायची राहिलेली. हाताला लागलं ते गाठोडं मी यांच्या हाती दिलं.

एजन्सीत आम्ही बायकामुलंही पूजेला जायचो. गाठी सोडायचा मान मुदलाळींचा. त्यांनी यांची गाठ सोडली आणि आतून निघाला हातभर लांब, लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर, सोबत पक्कड आणि दोन पान्हे. यांचा चेहरा उतरला. पेन आणि शिक्का घरी कट्यारीशेजारी बसले होते, त्यांना सकाळीच घाईत, गाठ न सोडताच गंधफूल वाहून झालं होतं. पूजेला लागलेली वस्तू दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायची नाही, त्यामुळे अदलाबदलही करता येईना. मुदलाळींनी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीला नीट चंदन लावलं, कुंकू लावलं.

विजयादशमीला सकाळी घरची उत्तरपूजा उरकून मी पेन घेऊन धावतच गेले. तिथं कामाचा मुहूर्त चालला होता. ज्यानं जे पूजेत ठेवलं, त्यानं ते उचलून थोडं तरी काम करायचं असतं. व्हॅनवाल्यानं व्हॅन सुरू केली, टायपिस्ट बाईंनी एक ओळ टाइप केली. यांची पाळी आली तशी मी पेन पुढं केलं. मुदलाळींनी मला हातानंच थांबवलं. काल देवापुढं जे ठेवलं तेच उचलायचं, म्हणाले.

कोपऱ्यात राजम नावाच्या शेतकरी बाईंचा पंप पडला होता. होणार नाही असं यांनीच आठवड्यापूर्वी वहीत लिहिलं होतं. तो यांनी जोडून सुरू केला. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटारीला लावलं, मुठीला कान लावला आणि डोळे मिटले.

"बेअरिंग चांगलं आहे," हे म्हणाले. "आतलं चाक घासतंय."

तासाभरात त्या आठ बोटांनी पंप उघडला, बसवला. पाणी असं उसळलं की टायपिस्ट बाई पार भिजल्या. आणि हे हसले. हे असे हसतात, हे मी अकरा वर्षांत विसरून गेले होते. मला सगळ्यांसमोर रडू आलं आणि मी ते पुसलंही नाही.

त्याच ओल्या हातानं यांनी खिशातलं पत्र काढून दिलं. मुदलाळींनी ते उभ्याउभ्याच वाचलं. चष्मा पुसला आणि तमिळमध्ये हळू बोलले.

"मी बसवलं म्हणून तू बसलास. आणि तुला उठवायला नको म्हणून मी ती खुर्ची ठेवली. कंपनी दोन वर्षं सांगतेय, ही जागा काढून टाका. तुला कसं सांगू, तेच मला कळत नव्हतं."

दोन शहाणी माणसं, एकमेकांचं मन राखता राखता दोघांनीही स्वतःचं अडवून ठेवलेलं. मला हसावं की कपाळाला हात लावावा, कळेना. पण त्या माणसाला मी मनातल्या मनात नमस्कार केला, आजही करते.

कार्तिकापर्यंत हे थांबले, वहीचं काम दुसऱ्याला शिकवलं. निघताना आपल्याकडच्या रीतीनं जातो असं न म्हणता जाऊन येतो म्हणाले, आणि खरंच येत-जात राहिले. कंपनीनं नाही म्हटलेले पंप मुदलाळी चिठ्ठी देऊन आमच्या शेडवर पाठवू लागले. पहिला पंप आला तो त्यांच्या स्वतःच्या घरच्या विहिरीवरचा.

पुढच्या खंडेनवमीला घर आणि काम एकाच अंगणात, त्यामुळे एकच गाठोडं. बदलायला माझ्या हाताशी काही उरलंच नाही. बांधताना पाहते तर ड्रायव्हर आणि पान्ह्यांच्या मधोमध ते पेन. हे कशाला, मी विचारलं.

"अकरा वर्षं ह्यानं जेवूं घातलं," हे म्हणाले. "ह्यास कैसं वगळूं?"

तेवढ्यात फाटकाशी मुदलाळींची गाडी थांबली. ते आत आले, हातपाय धुतले आणि देवापुढं बसून गाठ त्यांनीच सोडली.