ताईची तीनचाकी

माझी ताई जनावरांची डॉक्टर. चौतीस वर्षं तिनं मोटारसायकलवरून गोठे पालथे घातले, शेकडो लाथा चुकवल्या, आणि शेवटी खुब्याचं हाड मोडलं ते स्वतःच्याच दवाखान्याच्या पायरीवरून घसरून. आसपास एक शेळीसुद्धा नव्हती. याचंच तिला जास्त वाईट वाटलं. "एखाद्या बैलानं आडवं केलं असतं, तर निदान चारचौघांत सांगता तरी आलं असतं," ती म्हणाली.

हाड जुळलं, पण डाव्या पायात पूर्वीचा जोर राहिला नाही. गाडी चालू असेपर्यंत सगळं ठीक. थांबली की पाय टेकायची पंचाईत. पहिल्यांदा ती सिग्नलला गाडीसकट आडवी झाली. दुसऱ्यांदा भर बाजारात, औषधांच्या पेटीसकट. तिसरी वेळ येऊ नये म्हणून भावोजींनी गाडीची किल्ली पिठाच्या डब्यात लपवली. भावोजी शाळेत गणित शिकवायचे, आता निवृत्त झालेत. माणूस अगदी सज्जन, आणि सज्जन माणसांना लपवाछपवी जमत नाही. ताईनं अर्ध्या तासात किल्ली शोधली आणि तशीच पिठानं माखलेली घेऊन माझ्या दुकानात आली.

माझं वेल्डिंगचं दुकान आहे. मी फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या आणि लोखंडी जिने बनवतो.

"माझ्या गाडीला तिसरं चाक लाव," ताई काठी ऐरणीला टेकवत म्हणाली.

"ताई, मी फाटकं करतो."

"मग समज, चाकं असलेलं फाटक आहे."

"त्यापेक्षा कार घे ना."

"गोठ्यांकडच्या बोळांत कार शिरते का? आणि बंद काचेत मला गुदमरतं."

लहानपणापासून ताईपुढे माझी डाळ कधी शिजली नाही. दुसऱ्याच दिवशी गाडी दुकानात आली.

मागचा भाग कापायला मी कटर हातात घेतला, तशी ताई बाहेर जाऊन उभी राहिली. बैलांची शिंगं न डगमगता कापणारी बाई, पण आतून तो आवाज आला तेव्हा तिनं पाठ फिरवली. "झालं का?" असं तीनदा विचारलं. झाल्यावर आत आली, कापून पडलेल्या तुकड्याकडे बघितलं आणि घरी गेली.

पुढचे पंधरा दिवस मी दुसरं काम घेतलं नाही. भंगारातून मालवाहू रिक्षाची दोन चाकं आणली. दोन्हींच्या मध्ये जाड पोलादी आस घातला, त्यावर चेनचं दातेरी चाक बसवलं, भोवती नळ्यांची चौकट बांधली. ताईला चढायला पायरी केली, मागे औषधांच्या पेटीला जागा ठेवली. दोन्ही चाकं तर आसाला इतकी घट्ट बसवली की हत्तीनं ओढली तरी निघू नयेत. मी स्वतःवरच खूश होतो.

रविवारी सकाळी गाडी शाळेच्या मैदानावर नेली. भावोजी लांब दांड्याचा झाडू घेऊन आले होते. बसायच्या आधी ताईसाठी पायरी साफ करायची म्हणे. ताई चढली, गिअर टाकला आणि निघाली. गाडी अशी सरळ गेली, जणू रुळावर आहे. ताई हसत होती. पडल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

मग मैदान संपलं. ताईनं हँडल वळवलं. पुढचं चाक वळलं, पण गाडी काही वळली नाही. माती नांगरत सरळ कुंपणात घुसली. आम्ही धावत गेलो, तर ताई झुडपात बसलेली, केसांत पानं.

"वळत का नाही ही?"

"हट्टी आहे," मी म्हणालो. "मालकिणीवर गेलीय."

ताईला लागलं नव्हतं, पण नजर अशी होती की मी दोन पावलं मागे सरलो.

भावोजी मात्र चाकांनी उमटवलेल्या रेघांकडे बघत होते. त्यांनी झाडूचा दांडा आडवा धरला आणि एक टोक माझ्या हातात दिलं. "आता दोघांनी अगदी सारखी पावलं टाकायची. आणि वळायचं." ताई "एक, दोन, एक, दोन" म्हणू लागली. आम्ही निघालो. सारखी पावलं टाकत वळता येईना. दांडा आम्हाला ओढत सरळ शाळेच्या भिंतीकडे घेऊन चालला.

"बघ," भावोजी थांबून म्हणाले, "वळताना बाहेरच्याला जास्त चालावं लागतं, आतल्याला कमी. तू दोघांना एकाच दांड्याला जखडलंयस. एकाला मोकळं सोड."

"तीस वर्षं संसार केल्यावर हे आज कळलं का तुम्हाला?" झुडपाजवळून ताई म्हणाली.

मी उजवं चाक आसाला पक्कं ठेवलं आणि डावं बेअरिंगवर मोकळं केलं. गाडी वळू लागली. आता ताई वळेना.

झालं असं, की दुचाकी वळते ती झुकून. डावीकडे जायचं असलं की अंग डावीकडे कलतं आणि हात नकळत हँडल किंचित उलट बाजूला ढकलतात. चालवणाऱ्याला ते कळतही नाही. तीनचाकी झुकतच नाही. तिला हँडल जिकडे वळवाल तिकडेच ती जाते. त्यामुळे ताईला डावीकडे जायचं असलं की गाडी उजवीकडे झेप घ्यायची. पाच-सहा वेळा असं झाल्यावर ताईनं इंजिन बंद केलं आणि उतरून पायरीवर बसली.

"मला गाडी चालवता येत नाही," ती म्हणाली.

मी तिच्या शेजारी मातीत बसलो. भावोजी पाण्याची बाटली घेऊन उभेच राहिले.

मग ताई आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "पाय कापलेली किती कुत्री मी बघितली असतील. दोन दिवस धडपडतात. तिसऱ्या दिवशी पळत सुटतात. चौथा पाय होता हे आठवत बसत नाहीत ती." बाटलीतलं पाणी प्यायली, तोंड पुसलं. "उद्या सहा बादल्या आण रे."

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मैदानात बादल्या मांडायच्या आणि ताईनं त्यांच्यामधून गाडी काढायची. पहिल्या दिवशी पाच बादल्या आडव्या. एक तर चेपली ती कायमचीच. तिसऱ्या दिवशी कुत्र्यांसारखं काही झालं नाही; ताई शिव्या देत घरी गेली. पण आठव्या दिवशी तिनं सहाही बादल्यांमधून गाडी काढली, वळवली, परत आणली आणि माझ्यासमोर थांबवली. पाय टेकावा लागलाच नाही.

राहिले परवाना कार्यालयाचे निरीक्षक; बदललेल्या गाडीला त्यांची मंजुरी लागते. त्यांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या, वाकून खाली बघितलं आणि म्हणाले, "जोरात ब्रेक मारा." ताईनं मारला. गाडी कर्रकन आवाज करत उजवीकडे फिरली.

"आसावरचा ब्रेक उजव्या चाकापुरता झाला. मोकळ्या चाकाला ब्रेक कुठाय?"

माझं तोंड एवढंसं झालं. "साहेब, फाटकाला ब्रेक लागत नाही ना..."

साहेब हसले नाहीत. ताईसुद्धा माझ्यावरच उखडली. "बरोबर आहे त्यांचं. गुरांमध्ये घुसले असते मी!" चार दिवस खपून मी डाव्या चाकाला वेगळा ब्रेक बसवला. दुसऱ्या खेपेला साहेबांनी गाडी स्वतः चालवून बघितली. आवाराला एक फेरी मारली, मग दुसरी, मग तिसरी. "कागदापुरती एक फेरी बास होती," ताई माझ्या कानात म्हणाली. शिक्का मिळाला.

आता ताईच्या फेऱ्या पूर्वीसारख्या सुरू आहेत. फरक एवढाच की मागे, औषधांच्या पेटीशेजारी मी एक गादी बसवून दिलीय आणि तिच्यावर भावोजी बसतात. वाटेतली फाटकं उघडायची, पेटी उचलायची, ही कामं त्यांनी आपणहून घेतली. लोक त्यांना कंपाउंडरच समजतात. परवा ताई एका गाईला तपासत होती, तेवढ्यात शेजारच्या गोठ्यातल्या बाईंनी त्यांनाच गाठलं.

"अहो, आमची म्हैस दोन दिवस नीट खात नाही. औषध कुठलं द्यावं?"

"बाई, मी गणिताचा मास्तर आहे," भावोजी गोरेमोरे होत म्हणाले.

"असू दे की," बाई म्हणाल्या, "मग किती द्यावं ते तरी सांगा!"