अटी लागू नाहीत

शेअर रिक्षाच्या रांगेत एका अनोळखी बाईनं अनुच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "अरे, अनु! हँस के दिखा ना!"

क्षितिजानं लेकीला जवळ ओढलं. पोर पावणेदोन वर्षांची. मीरा रोडला राहायला येऊन त्यांना अजून वर्ष झालं नव्हतं, शेजारच्या विंगमधलेही धड ओळखत नव्हते. मग हिला नाव कुठून कळलं?

बाईनं हसत वर बोट दाखवलं. फरसाणाच्या दुकानावर पहिल्या मजल्याच्या खिडक्या झाकणारा फलक लागला होता, आणि फलकावर अनु होती. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, तोंडभर हसू आणि इवल्याशा मुठीत थंड पेयाची हिरवी बाटली. 'अनुची पहिली झुळूक!' खाली सोसायटीचं नाव, पार विंगसकट.

क्षितिजानं पोरीचं तोंड ओढणीखाली घेतलं आणि रांग सोडून ती चालतच घरी आली. वाटेत प्रत्येक माणूस अनुकडेच बघतोय असं तिला वाटत होतं. दोघं तर खरंच बघत होते.

फोटो कधीचा ते सांगायला कुणी नको होतं. संक्रांतीनंतर सोसायटीच्या महिला मंडळानं सामुदायिक बोरन्हाण आणि हळदीकुंकू ठेवलं होतं. मंडळाच्या प्रमुख मिनलवहिनींनी झुळूक कंपनीला प्रायोजक म्हणून धरून आणलं. मंडप कंपनीचा, बोरं-चुरमुरे कंपनीचे, वाणाला लुटलेले स्टीलचे डबेही कंपनीचेच. डोक्यावरून बोरं पडली तेव्हा अनु खदखदून हसली होती. बाटली तेव्हा तिच्या हातात नव्हतीच.

आणि सही? ती मात्र क्षितिजाची होती. बिस्किटाच्या पुड्यामागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय पोरीच्या हाती बिस्कीट न देणारी ही बाई. वकिलीची दोन वर्षं शिकलेली, पोटुशी राहिली म्हणून तिसरं सोडलेली. पण हळदीकुंकवाच्या रांगेत कोण वाचतं? मनगटाला अत्तर, कपाळावर ओलं कुंकू, एका हातात वाण, कडेवर रडकुंडीला आलेली पोर. मिनलवहिनींनी वही पुढे धरली, "कर गं पटकन, वाण मिळाल्याची." रांगेतल्या सगळ्याजणींनी जसं लिहिलं होतं तसंच तिनंही लिहिलं: फ्लॅट ६०३, अनुची आई.

"नवऱ्याला बोलू दे ना सेक्रेटरींशी," तिचा नवरा स्वप्नील म्हणाला.

"सही नवऱ्यानं केली नाही," ती म्हणाली.

रविवारी अकरा वाजता सोसायटीच्या ऑफिसात मिनलवहिनी बसल्या होत्या. शेजारी कंपनीचा पराग, इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. अंगणात कंपनीकडून मिळणाऱ्या झोपाळ्यांची जागा बघायला तो आला होता. दारात चार बायका उगाच रेंगाळत होत्या. त्यांत चारशे दोनची पिंकी, कडेवर तिचा साहिल.

"फलक उतरवा," क्षितिजा उभ्याउभ्याच म्हणाली.

परागनं टॅबवर वहीचं पान काढून तिच्यासमोर धरलं. "मॅडम, सही तुमचीच ना? वर लिहिलंय, फोटो वापरायला संमती. खाली, अनुची आई. म्हणजे पालकाची सही. याहून पक्कं काय असतं?"

"वाण मिळाल्याची सही होती ती."

"वाचायचं होतंत."

"वरच्या इंग्रजीवर मिनलवहिनींचा पंजा होता."

"माझ्यावर ढकलू नकोस हं!" मिनलवहिनी कडाडल्या. "कायद्याची पुस्तकं तुझ्या घरात आहेत, माझ्या नाही. फुकटचा डबा घेताना गोड लागलं."

दारात कुणीतरी फिसकन हसलं. क्षितिजा मिनलवहिनींकडे वळलीच नाही, परागकडेच बघत राहिली.

"बरं, सही माझी. आता तुमचं बोलू. मंडपात तुमचा बॅनर होता. 'झुळूक पिऊन बाळ हसलं नाही, तर आई म्हणेल ते करू! अटी लागू नाहीत.' माइकवर तुम्ही हे तीनदा ओरडलात. माझ्या पोरीनं एक घोट घेतला आणि भोकाड पसरलं."

पराग हसला. "मॅडम, ती जाहिरात आहे."

"सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधली एक कंपनी हेच म्हणाली होती. आमचा धुराचा गोळा हुंगा, तरी फ्लू झाला तर शंभर पौंड देऊ. एका बाईनं हुंगला, तिला फ्लू झाला. कंपनी म्हणे, ती नुसती जाहिरात हो. कोर्टानं पैसे द्यायला लावले. पहिल्या वर्षाला शिकवतात."

"आम्हालाही एमबीएला शिकवतात." पराग खुर्चीत मागे रेलला. "अमेरिकेत एका कोल्ड्रिंकच्या जाहिरातीत होतं, पॉइंट्स जमवा, लढाऊ विमान मिळवा. एक पोरगा निघाला विमान मागायला. कोर्ट म्हणालं, ही गंमत आहे हे कुठल्याही शहाण्या माणसाला कळतं. कळतं ना तुम्हाला?"

आता मात्र दारातल्या बायका मोकळेपणानं हसल्या.

"मी विमान मागितलंय का?" क्षितिजा म्हणाली. "त्या जाहिरातीत पोर लढाऊ विमानातून शाळेत जातं, ते बघून माणूस हसेल, म्हणून ती गंमत. आणि आईनं सांगितलं, माझ्या पोरीचा फोटो खाली उतरवा. सांगा, यात हसण्यासारखं काय आहे?"

हसणं थांबलं. परागचा आवाजही बदलला.

"हे बघा, जा कोर्टात. ठाण्याला ग्राहक आयोग आहे. तारखा पडता पडता मुलगी कॉलेजला जाईल. तोवर आमची पुढची दहा कॅम्पेन झालेली असतील."

"जाणारच आहे. पण त्याआधी हे बघा."

तिनं फोन टेबलावर ठेवला. कार्यक्रमाचं थेट प्रक्षेपण कंपनीनंच इंटरनेटवरच्या आपल्या पानावर टाकलेलं होतं, तासाभराचं. काल दुपारी अनु झोपल्यावर क्षितिजानं ते सगळं पाहिलं होतं आणि उतरवून घेतलं होतं. त्यात परागच अनुच्या ओठांना बाटली लावतो. अनु तोंड वेंगाडते, हिरवा घोट त्याच्या शर्टावर थुंकते आणि किंचाळायला लागते. मागे बॅनर स्पष्ट दिसतो.

"एका बाजूला तुमचा फलक, एका बाजूला हे. मीरा-भाईंदरच्या आयांचे तीन ग्रुप आहेत, सगळ्यांवर जाईल. मग बघू या गंमत कुणाला कळते ते."

परागनं फोनकडे पाहिलं, मग दाराकडे. उठून बाहेर गेला, कुणाशी तरी दबक्या आवाजात बोलला आणि परत आला. "मंगळवारपर्यंत उतरेल. पण व्हिडिओ कुठेही जाता कामा नये." मग मिनलवहिनींना म्हणाला, "झोपाळ्यांचं मग आम्हाला परत बघावं लागेल."

"बघ!" मिनलवहिनी खुर्ची मागे ढकलून उठल्या. "तुझ्या एका पोरीपायी पन्नास पोरांचे झोपाळे गेले. पुढच्या हळदीकुंकवाला बोलावणं येईल असं समजू नकोस."

"नका बोलावू."

एवढं म्हणून ती बाहेर पडली. बायकांनी तिला वाट दिली, म्हणजे अंग चोरून घेतलं. पिंकी तेवढी जागची हलली नाही. ती परागकडे बघत होती.

मंगळवारी फलक उतरला. क्षितिजा अनुला घरी ठेवून मुद्दाम बघायला गेली. दोन माणसांनी दोऱ्या कापल्या आणि फ्लेक्स घसरत खाली आला. पुष्कळ दिवसांनी त्या रात्री ती शांत झोपली.

शुक्रवारी अंगणात झोपाळे बसवायला माणसं आली. आणि फरसाणाच्या दुकानावर नवा फलक चढला: 'साहिलची पहिली झुळूक!' तेच काळं झबलं, तोच हलव्याचा मुकुट. खाली सोसायटीचं नाव, विंगसकट.

क्षितिजा जिना चढून थेट चारशे दोनला गेली. पिंकीनं जाळीचा दरवाजा उघडलाच नाही, आतूनच म्हणाली, "बोलो."

"पिंकी, मेरी बात सुनो. रास्ते में लोग नाम लेके बुलाते हैं. घर का पता लिखा है ऊपर. बच्चे के लिए ठीक नहीं है."

"मैंने पढ़ के साइन किया है. पूरा. तेरे जैसे नहीं." पिंकीनं कमरेवर हात ठेवले. "तेरी लड़की की जगह मेरा लड़का आ गया, वही जल रहा है ना?"

"जलती नहीं हूँ. डर लगता है. मेरे पास वो वीडियो है, हम दोनों मिल के..."

"अब दोनों?" पिंकी जाळीला नाक लावून म्हणाली. "उस दिन मैं दरवाज़े पे ही खड़ी थी. तूने क्या माँगा, याद है? मेरी बेटी का फोटो हटाओ. बस. मेरी बेटी. किसी बच्चे का मत लगाओ, ये बोली तू? तब तो वो कंपनीवाला डरा हुआ था. सब मान जाता."

आत टीव्हीसमोर साहिल बसला होता. क्षितिजाकडे वळून बघून तो ओळखीचं हसला.

"अंदर जा, साहिल," पिंकी म्हणाली, आणि तिनं आतला लाकडी दरवाजाही लावून घेतला.