अंधार करून मोजायचं

संप सुरू झाला तेव्हा मी मिलच्या साळखात्यात माग चालवायचो. चार महिन्यांनी बारशा-साखरपुड्यांचे फोटो काढायला लागलो. शेजारचा रामदास गावी जाताना त्याचा कॅमेरा माझ्याकडे ठेवून गेला होता. त्याची लेन्स फुटलेली. मी चोरबाजारातून दुसरी आणली, तर ती आट्यांची निघाली, बाटलीच्या झाकणासारखी फिरवून बसवायची. कॅमेऱ्याचं तोंड वेगळं. मध्ये एक कडी घालून दोघांचं लग्न लावलं, पण ती एकमेकांशी बोलेनात.

म्हणजे असं. जोडीच्या लेन्सचं छिद्र, अ‍ॅपर्चर, उघडंच राहतं, फोटो घेताना आपोआप बारीक होतं, आणि कॅमेरा ते आधीच हिशेबात धरून उजेड मोजतो. माझ्याकडे सगळं हातानं. छिद्र उघडं ठेवून चेहरा फोकस करायचा, मग ते आठ आकड्यावर बारीक करायचं, आणि आत अंधारल्यावरच उजेडाचा काटा बघून शटरचा वेळ लावायचा. अंधार करून मोजायचं, एवढंच ध्यानात ठेवायचं. आमच्या भोईवाड्यात मी हे दहा जणांना शिकवलं असेल. शहाणा ना मी.

मे महिन्यात कालिंदी, माझी बायको, गावी मालवणला निघाली. खोलीत शिजवायला काही उरलं नव्हतं. गाठोडं बांधून म्हणाली, "माझो एक फोटो काढून ठेवा. एकटे पडशात."

रोलमध्ये एकच फोटो शिल्लक होता. तिला खिडकीशी बसवलं. छिद्र बारीक केलं आणि कॅमेऱ्यात तिचा चेहरा काळवंडला. मला ते बघवेना. मी छिद्र पुन्हा उघडलं, तिच्या उजळ चेहऱ्यावरच काटा बघून घेतला, आणि मग आठवर आणून बटण दाबलं. फिल्मला हव्या त्या उजेडाचा सोळावा हिस्सा मिळाला.

फोटोत खिडकीचे गज आले. कालिंदी नाही.

मी पत्रात लिहिलं, फोटो फार छान आलाय. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिचं उत्तर आलं, "वाचून बरं वाटलं. मग मला बोलवायची घाई करू नका. तिथे सोबतीला मी आहेच, इथली लावणी उरकते."

लावणीनंतर कापणी आली, मग पुढची लावणी. गणपतीला गावी जावं तर लालबागेत फोटोंची कामं नेमकी तेव्हाच. संप कधी संपला ते कुणी सांगितलंच नाही. दोन वर्षं मी एकटा जेवायला बसलो. दोष माझाच, चिडणार तरी कुणावर?

शेवटी आंतरदेशीय पत्र आणून लिहिलं, "फोटो काळा आला. मी खोटं बोललो. तुझा चेहरा मला आता नीट आठवत नाही. ये." ते पेटीत टाकायला मला आणखी पंधरा दिवस लागले.