बाई, इकडे बघा

जड खुर्ची खिडकीसमोर ओढून ताईचे हात भरून आले होते. आईचा दोन्ही मुलांसोबत एक फोटो, बाबांच्या फोटोशेजारी लावायला, तसाच काळा-पांढरा. एवढंच ताईनं देवाकडे मागितलं होतं. आईची नजर दिवसेंदिवस मंदावत होती आणि भावांनी बाबा गेल्यापासून एकमेकांशी अबोला धरला होता. आज हातापाया पडून तिनं दोघांना आणलं, तर दोघं आईच्या दोन बाजूंना, रुसलेल्या व्याह्यांसारखे तोंड फिरवून उभे!

"जरा जवळ सरका," फोटोग्राफर म्हणाला.

"मी सरकलोय. त्याला सांगा," थोरला.

"दादासाहेबांना म्हणावं, मी काय आईच्या मांडीवर बसू?" धाकटा.

ताई कॅमेऱ्यामागे जाऊन उभी राहिली.

खोलीत उजेड बेताचा, म्हणून कॅमेऱ्याचं शटर सावकाश मिटायचं. तेवढ्यात कुणी हललं की चेहरा पुसट. "आता हलू नका. आई, इकडे बघा!"

आईनं मान वळवली ती थोरल्याकडे. "काय रे?"

"आई, समोर!"

आता धाकट्याकडे. "तू हाक मारलीस?"

"आई, अगं समोर बघ ना," कॅमेऱ्यामागून ताई म्हणाली. आई पुन्हा थोरल्याकडे वळली.

असं करता करता रोल संपत आला. "आता शेवटचाच," फोटोग्राफरनं घाम पुसला.

"अहो, मग आई म्हणूच नका तिला!" ताईचा धीर सुटला. "बाई म्हणा. जन्मभर शाळेत शिकवलंय तिनं."

"बाई, इकडे बघा!"

आईची पाठ ताठ झाली. वर्गावर नजर रोखावी तशी ती थेट समोर बघू लागली. आणि नेमकं तेव्हाच धाकटा थोरल्याकडे वाकून पुटपुटला, "दादा, पोट आत घे."

"तू आधी तोंड मिट!" थोरला गर्रकन वळला.

खट्‌.

फोटो धुऊन आला. मधोमध आई लख्ख, पार सुरकुत्यांसकट. दोन्ही बाजूंना भाऊ म्हणजे नुसता धूर. ताईला रडूच फुटलं. "वाया गेला गं. आता परत कुणाकुणाच्या विनवण्या करू?"

आईनं फोटो नाकाशी नेला. "हे दोघं असे का?"

"हलले. बोलत होते."

"एकमेकांशी?"

"भांडत होते, आई!"

"लाव," आई म्हणाली.

ताई चरफडतच हातोडी शोधायला उठली.