चार फोनांचा खिसा

उजव्या खिशाची शिवण पुन्हा उसवली होती — डावा खिसा कसा कोरा करकरीत, आणि हा उजवा मेला म्हाताऱ्या गालासारखा लोंबलेला... आईनं सुईत दुहेरी दोरा ओवला. बुधवार सकाळचं हे तिचं ठरलेलं काम. लेक इस्पितळात डॉक्टर, नऊ वर्षं झाली. बुधवारी तिच्या पांढऱ्या कोटाच्या या खिशात चार-चार फोन असतात, हे आईनं जिन्यात भेटेल त्याला थांबवून ऐकवलेलं. "तुमच्या जावयाचं एका फोनात भागतं हो," असं शेजारणीला तोंडावर म्हणाली होती, "माझ्या लेकीवाचून चार ठिकाणी अडतं!" शेजारीण तोंड पाडून जिना उतरली. काय गोड वाटलं होतं ते पडलेलं तोंड!

आणि काल जेवता जेवता लेक सहज बोलून गेली, की ते फोन तिचे नाहीतच. बुधवारी दुपारी, पुढं तज्ज्ञ होणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांचा वर्ग असतो. मध्येच वॉर्डातून बोलावणं येऊन त्यांचं शिकणं मोडू नये, म्हणून ते आपापले फोन हिच्या हवाली करून जातात. फोन वाजला की ही धावते. शिकाऊंच्या यादीत ही नाही. ही नुसती कामाला.

"मग तूही बस की वर्गात. तोंड शिवलंय का तुझं?"

"विचारलं गं मोठ्या डॉक्टरीणबाईंना. म्हणाल्या, मग फोन कोण धरणार?"

...कोण धरणार. हे आपण आधी कुठं ऐकलंय? शाळेची पायरी — मांडीवर भावांच्या चपला — 'तू आत गेलीस तर चपला कोण राखणार?' आतून पाढे ऐकू यायचे. बाहेर बसून ऐकलेले ते पाढे आईला अजून तोंडपाठ. सही करायची म्हटलं की मात्र हात अडखळतो... पण हे कुणाला कधी सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात?

वर्गात घेण्याचा अर्ज द्यायचा आज शेवटचा दिवस, हेही कालच कळलेलं. पुढच्या वर्षी लेकीचं वय अटीत बसत नाही. अर्जावर बाईंची सही हवी. तीन वर्षं तो भरला जातो आणि सहीवाचूनच परत येतो.

"आई, झाला का खिसा? उशीर होतोय."

"अर्ज घेतलास?"

"घेतलाय. बघू."

"बघू काय बघू? पुढ्यात ठेव आणि म्हण, करा सही."

"अगं, सगळेच आत बसले आणि एखादा पेशंट बिघडला तर? कुणीतरी बाहेर लागतंच ना."

आईच्या जिभेवर नेहमीसारखं तिखट काही आलं, आणि तिथंच विरलं. किती शहाण्यासारखं बोलली पोर... पायरीवर बसून आपणही असंच शहाणं व्हायचो. आणि नऊ वर्षं हा खिसा शिवला कुणी — दुहेरी दोऱ्यानं, आणखी दोन फोन पेलतील असा घट्ट?

सुई कापडात अर्धी गेलेली. पुढं ओढायची, की मागं घ्यायची... लेकीनं कोटासाठी हात पुढे केला होता, आणि कोटावरची आईची मूठ काही सुटत नव्हती.