डोक्याच्या आत

डॉक्टरीणबाईंच्या हातातला कागद तिने ओढूनच घेतला, खिडकीच्या उजेडात धरला आणि तसाच परत केला. शाळा चौथीतच सुटलेली. पण आपल्याला कळत नाही हे कुणाला दिसू द्यायचं नाही, हा जन्माचा हट्ट.

"काय म्हणता याला?"

"एन्सेफलायटिस, आजी."

"हे काय आजाराचं नाव झालं? परदेशी कापडाचं वाटतं."

डॉक्टरीणबाई किंचित हसल्या. "ग्रीक शब्द आहे. 'एन' म्हणजे आत, 'केफाले' म्हणजे डोकं. डोक्याच्या आत असतो तो मेंदू. पुढे 'आयटिस' लागलं की सूज."

"मग सरळ सांगा की, डोक्याच्या आत सूज. शिकल्या माणसांना सरळ बोलायला काय धाड…" बोलता बोलता ती काचेकडे वळली.

काचेपलीकडे सून निपचित पडली होती. सोमवारी दुपारी घरच्या शिवणाच्या दुकानात तिने डावी बाही उजव्या खांद्याला जोडली होती. दहा वर्षं मशीनवर बसत होती, अशी चूक कधी नाही. सासूने उसवायला लावली. तिने उसवली आणि परत तीच जोडली.

"आई, डोकं वरून नाही दुखत हो. आत, अगदी आत सुजल्यासारखं झालंय."

दुकानातल्या तिघी कारागिणी ऐकत होत्या, म्हणून सासूला जोर चढला. "शिवता येईना, म्हणे डोकं वाकडं." तिघी हसल्या. सून मान खाली घालून उसवत राहिली.

"वागण्यात फरक पहिल्यांदा कधी दिसला?" डॉक्टरीणबाईंनी पेन उघडलं. "नेमकं सांगा. उपचाराला किती उशीर झालाय, ते त्यावरून कळेल."

"काल संध्याकाळी, ताप चढला तेव्हा," तिच्या कोपराला आधार देऊन उभा असलेला मुलगा म्हणाला. "त्याआधी काही असतं तर आईला दिसलं असतं. तिच्या नजरेतून टाका सुटत नाही."

गप्प राहिली असती, तर भागलं असतं.

"सोमवारी," ती म्हणाली.

"आज शुक्रवार आहे, आजी."

"वार कळतात मला."

मुलगा तिच्याकडे वळला. "ती तुला काही बोलली होती?"

"बोलली होती. या बाईंनी आत्ता सांगितलं, तेच."

तिच्या कोपराचा हात मुलाने हळूच काढून घेतला. भिंत जवळच होती. ती टेकली नाही.